तेलताडाची बाग आणि शेअरचा भाव

तेलाच्या महागाईची बातमी आधी स्वयंपाकघरात पोचते आणि मग शेअर बाजारात, असा आपला समज असतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये मी उलटं पाहिलं. २८ एप्रिलला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा पनवेलमधल्या आमच्या वाण्याकडे अजून जुन्या भावाचे डबे शिल्लक होते. मोबाइलवर मात्र निरोप फिरू लागले होते : ‘पामतेलाचा तुटवडा. बागायती कंपन्यांचे शेअर आजच घ्या.’ मला स्वतःला असे तीन निरोप आले. कविता लिहिणाऱ्या, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला हे कोण पाठवतं आणि कशाच्या भरवशावर, हे एक कोडंच आहे.

पण माझ्या शेजाऱ्यांना हेच निरोप आले तेव्हा ती गंमत राहिली नाही. ते एसटीतून निवृत्त झालेले. हाती आलेल्या पैशातला निम्मा मुलीच्या घरासाठी राखलेला, उरलेला बँकेत. त्या वर्षी बँकेत वर्षभराच्या ठेवीवर पाच-साडेपाच टक्के व्याज मिळत होतं आणि घरखर्च त्याहून वेगानं वाढत होता. ते मोबाइल घेऊन आले आणि म्हणाले, “कविराज, तुम्ही लिहिता-वाचता. शिवाय तुमचे मामू बागा घ्यायचे म्हणता. मग सांगा, ही बागेची कंपनी घ्यावी का?”

लिहिण्या-वाचण्याचा इथे फारसा उपयोग नव्हता. मामूंचा मात्र होता.

माझे मामू म्हसळ्याकडे आंब्याच्या बागा खंडानं घेत. बागेच्या मालकाला रक्कम आधी द्यायची, मग त्या हंगामाचं फळ आपलं. नफा आपला, नुकसानही आपलं. बोलणी करायला जाताना ते मला कधीकधी बरोबर नेत. बागेत शिरले की ते झाडं मोजत, आणि नुसती मोजून थांबत नसत. कलमं किती वर्षांची, किती झाडांवर बांडगूळ चढलंय, मागच्या चार-पाच हंगामांत सरासरी किती पेट्या उतरल्या, फवारणीला काय लागतं, राखणीला किती माणसं, पेटी वाशीच्या बाजारात पोचेपर्यंत काय पडतं, हे सगळं विचारून होई. आंब्याचा भाव ते अगदी शेवटी धरत आणि तोही चालू वर्षाचा कधी धरत नसत. ज्या वर्षी वाशीत पेटी कडाडलेली असे, त्या वर्षी मालक हटून बसे आणि मामू सरळ उठून येत. एकदा मी कारण विचारलं. ते म्हणाले, “भाव चढलाय म्हणजे कुणाच्या तरी झाडाला फळ नाही. ते झाड आपलंच निघालं तर?”

पामतेलाच्या शेअरचं मोल कसं करावं, याबद्दल मी नंतर बरंच वाचलं. मामूंच्या या वाक्यापाशी ते सगळं परत येतं.

आधी हे झाड पाहू. मराठीत त्याला तेलताड म्हणतात. मूळ पश्चिम आफ्रिकेचं, पण आज जगातल्या पामतेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांत निघतं. हेक्टरी तेलाच्या बाबतीत याच्याशी बरोबरी करणारं दुसरं पीक नाही. चांगल्या बागेत वर्षाला हेक्टरी तीन-चार टन तेल मिळतं; सोयाबीनचं तेल अर्ध्या टनाच्या आसपास भरतं. लावल्यापासून तीन-चार वर्षं झाड काही देत नाही. मग घड येऊ लागतात, आठव्या-दहाव्या वर्षापासून बाग ऐन भरात येते आणि पंचविशीच्या सुमाराला झाड इतकं उंच होतं, की घड काढणं परवडत नाही. मग तोडून नवं लावायचं आणि पुन्हा तीन-चार वर्षं वाट पाहायची. तोडणी वर्षभर, दर दहा-पंधरा दिवसांनी. आणि तोडलेला घड चोवीस तासांच्या आत गिरणीत गेला पाहिजे, नाहीतर तेलातला आम्लांश वाढत जातो. आंबा निदान अढीत घालता येतो; हे फळ थांबत नाही.

आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं आणि त्यात पामचा वाटा सर्वांत मोठा. सर्वाधिक माल कांडला बंदरात उतरतो, काही आपल्या न्हावाशेवालाही. पनवेलहून रसायनीकडे गेलं की पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत रुची सोयाचा तेलशुद्धीचा कारखाना लागतो. त्या कंपनीकडे पुढे येऊच. फरसाण, बिस्किटं, वनस्पती तूप, साबण, लग्नातली तळणं, हे तेल कुठे नाही? तेव्हा तुटवडा खरा असतो आणि तो आपल्या ताटापर्यंत येतो, यात वाद नाही. प्रश्न शेअरचा आहे.

निरोप पाठवणाऱ्याचं गणित असं असतं : तेल कमी, म्हणून भाव जास्त, भाव जास्त, म्हणून पिकवणाऱ्याचा नफा जास्त, म्हणून शेअर घ्या. आपण एक काल्पनिक कंपनी घेऊन हे करून पाहू. रेडिओवर आकडे ऐकताना डोळ्यांवर झोप येते हे मला ठाऊक आहे, म्हणून सोपेच घेतो.

समजा, एका कंपनीची १,००० हेक्टर बाग आहे. हेक्टरी २० टन घड निघतात, म्हणजे एकूण २०,००० टन. घडाच्या वजनाचा पाचवा हिस्सा तेल धरा. झालं ४,००० टन. टनाला ६०,००० रुपये भाव असेल तर २४ कोटी रुपये आले. मजुरी, खत, गिरणी मिळून १६ कोटी खर्च झाला. नफा ८ कोटी. कंपनीचे एक कोटी शेअर आहेत, तेव्हा शेअरमागे ८ रुपये नफा. शेअरचा भाव समजा १०० रुपये, म्हणजे नफ्याच्या साडेबारापट.

आता तुटवडा पडला. तेल ९०,००० रुपयांवर गेलं. आले ३६ कोटी. खतं महागली म्हणून खर्च १८ कोटी धरा. नफा १८ कोटी, शेअरमागे १८ रुपये. तेलाचा भाव दीडपट झाला आणि नफा सव्वादोनपट. खर्च फारसा हलत नाही, म्हणून वरची सगळी वाढ थेट नफ्यात जाते. बागायती कंपन्यांची ओढ लोकांना वाटते ती यामुळेच, आणि ती खोटी नाही.

शेअर १६० वर गेला. आता नीट पाहा. १६० ला १८ नं भागलं तर नऊपटही होत नाही. महिन्यांपूर्वी हाच शेअर साडेबारापटीनं मिळत होता. म्हणजे भाव साठ टक्के चढूनही, नफ्याच्या पटीत मोजला तर शेअर स्वस्त दिसतो. सगळी फसगत इथे आहे. नफ्याची पट हा आकडा वर्तमानपत्रात रोज छापून येतो, ‘पी-ई’ म्हणतात त्याला, आणि एखाद्या साबणाच्या किंवा औषधाच्या कंपनीला तो बरा लागू पडतो. पीक विकणाऱ्या कंपनीला तो नेमका उलटा दाखवतो : भाव शिखरावर असताना स्वस्त, तळाला असताना महाग. वर्षभरानं तेल ५५,००० वर आलं, खताचा खर्च मात्र उतरला नाही, तर २२ कोटींतून १८ कोटी जातात. नफा ४ कोटी. ज्यानं १६० ला घेतला, त्याच्या हाती चाळीसपटीचा शेअर राहतो.

हे पुस्तकी उदाहरण वाटत असेल तर २०२२ सालच आठवा. मलेशियाच्या वायदे बाजारात कच्चं पामतेल मे २०२० मध्ये टनाला २,००० रिंगिटच्या आसपास होतं. युक्रेनचं युद्ध फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालं, सूर्यफुलाचं तेल अडकलं आणि मार्चमध्ये पामचा भाव ७,००० च्या वर गेला. इंडोनेशियाची बंदी आली ती त्यानंतर. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर अखेरीला भाव साडेतीन हजारांच्याही खाली होता. सहा-सात महिन्यांत निम्म्यावर. तेलताडाचं रोप या अवधीत रोपवाटिकेतूनही बाहेर पडत नाही.

म्हणून ज्यांना हा धंदा कळतो ते चालू भाव बाजूला ठेवतात आणि पाच-दहा वर्षांची सरासरी धरतात. आपल्या कंपनीत ६०,००० सरासरी भाव आणि १७ कोटी खर्च धरला तर शेअरमागे ७ रुपये येतात. बारापट मोजली तरी ८४ रुपये. बाजार १६० मागतोय. मधले ७६ रुपये कशाचे, हे विचारायचा हक्क घेणाऱ्याला आहे.

आता मामूंच्या वाक्याकडे. तुटवडा म्हणजे कुणाच्या तरी झाडाला फळ नाही. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे मलेशियानं सीमा बंद केल्या. तिथल्या बागा परदेशी मजुरांवर चालतात. माणसं येईनाशी झाली, घड झाडावरच पिकून गळू लागले. २०१९ मध्ये त्या देशानं जवळजवळ दोन कोटी टन कच्चं तेल काढलं होतं. २०२१ मध्ये एक कोटी एक्याऐंशी लाख टनांवर आलं. भाव वाढला तो काही अंशी यामुळेच. पण ज्या कंपनीच्या बागेत मजूर नव्हते तिला त्या भावाचा काय उपयोग? आपल्या उदाहरणात फळ पाव हिश्शानं घटलं तर ९०,००० च्या भावानंही २७ कोटीच येतात, आणि तोडणीची मजुरी थोडी वाचून खर्च १७ कोटी धरला तर नफा १८ ऐवजी १० कोटी. शेजारची कंपनी, जिच्याकडे माणसं आहेत, ती १८ कोटी कमावते. बातमी दोघींना एकच, शेअर दोन.

पावसाचंही तसंच. तेलताडाला दुष्काळ लगेच दिसत नाही. फुलोरा धरतानाच तो आत कुठेतरी नोंदला जातो आणि सहा महिन्यांनी, वर्षानं, कधी त्याहूनही उशिरा घड कमी येतात. २०१५ च्या एल निनोनं पाऊस ओढला आणि मलेशियाचं उत्पादन पडलं ते २०१६ मध्ये, दोन कोटी टनांवरून एक कोटी त्र्याहत्तर लाखांवर. बाजारात आज दिसणारा तुटवडा हा पुष्कळदा गेल्या साली न पडलेल्या पावसाचा असतो. (कवींनी या झाडावर का लिहिलं नाही, कोण जाणे.)

भाव चढला आणि फळही भरपूर आहे, तरी नफा आपल्या खिशात येईल याची खात्री नसते. मध्ये सरकार उभं असतं. इंडोनेशियानं बंदी घातली ती आपल्या लोकांना तळणाचं तेल परवडावं म्हणून. परिणाम असा झाला, की जगात भाव चढे असताना त्याच देशात टाक्या भरल्या, गिरण्यांनी घड घेणं कमी केलं आणि शेतकऱ्याच्या फळाचा भाव कोसळला. मे महिन्याच्या मध्यावर शेतकरी जकार्तात रस्त्यावर उतरले आणि २३ मेला बंदी उठली. मलेशियात भाव ठरावीक पातळीवर गेला की अवचित नफ्यावर वेगळा कर बसतो. तेव्हा तुटवड्यातला मलिदा मोजताना सरकारी हिस्सा आधी वजा करावा.

भाव, फळ आणि सरकार झालं. राहिलं झाडांचं वय, आणि माझ्या मते सर्वांत कमी पाहिली जाणारी गोष्ट हीच. म्हातारी बाग आज भरपूर नफा दाखवते, कारण तिच्यावर खर्च होत नाही. पुनर्लागवडीचं बिल उद्यावर असतं. तरुण बाग आज तोटा दाखवते आणि तिचं खरं धन पुढे असतं. ताळेबंदात दोन्ही ‘बाग’च. मलेशियातली फेल्डा ग्लोबल व्हेंचर्स ही कंपनी २८ जून २०१२ रोजी बाजारात आली, शेअर ४.५५ रिंगिटला. त्या वर्षात तोवर झालेली, फेसबुकनंतरची ती जगातली सर्वांत मोठी भागविक्री. जमीन अफाट, नाव सरकारी, भाव तेजीतला. पण निम्म्याहून जास्त झाडं विशीच्या पुढची होती. हे लपवलेलं नव्हतं; माहितीपत्रकात वयाचा तक्ता होता. पुढे तेल उतरलं, झाडं तोडून नवी लावावी लागली, इतर कारभाराचेही घोळ झाले आणि २०१८ च्या अखेरीला तोच शेअर एका रिंगिटच्या खाली होता.

याच्या नेमकी उलट गोष्ट १९८१ ची आहे. मलाया इंग्रजांकडे असताना वाढलेली गथ्री ही जुनी कंपनी तेव्हाही लंडनच्या बाजारात नोंदलेली होती. रबर आणि तेलताड मिळून दोन लाख एकरांच्या आसपास बागा. लंडनचे दलाल तिच्या वर्षावर्षाच्या नफ्याकडे बघून भाव लावत. मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक संस्थेनं ७ सप्टेंबर १९८१ च्या सकाळी बाजार उघडताच खरेदी सुरू केली आणि चार तासांच्या आत कंपनीचा ताबा घेतला. घेणाऱ्यांनी नफा पाहिला नव्हता, जमीन पाहिली होती. पनवेलच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे एकरी भाताचं उत्पन्न काय होतं आणि त्याच एकराला विमानतळानं, महामार्गानं काय भाव आणला, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून जाणकार नफ्याबरोबर आणखी एक हिशेब करतात : हेक्टरी काय पडतं. आपल्या कंपनीचे एक कोटी शेअर १६० रुपयांनी धरले तर १६० कोटी. तिच्यावर २० कोटींचं कर्ज असेल तर ते मिळवा, कारण बाग घेणारा कर्जही घेतो. झाले १८० कोटी. १,००० हेक्टरांनी भागा. हेक्टरी १८ लाख. १०० रुपयांच्या भावानं हाच हिशेब १२ लाख येत होता. मग विचारायचं : तशीच बाग लावून, फळावर आणून, गिरणी बांधायला किती लागेल? अलीकडे कुणी बाग विकली ती कितीला? ही तुलना करताना लागवड झालेली जमीनच धरायची. कंपन्या पुष्कळदा हातातली सगळी जमीन सांगतात, तिच्यात दलदल आणि डोंगरही असतो.

इथवर शेजाऱ्यांना सांगून झालं तेव्हा ते म्हणाले, “पण या बागा मलेशियात. आपल्या बाजारातल्या कंपनीचं काय?” प्रश्न बिनतोड होता, आणि उत्तर बहुतेकांना अनपेक्षित असतं. आपल्याकडच्या पामतेल कंपन्यांकडे सांगण्यासारखी स्वतःची बागच नसते. शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचे कायदे आहेत, हजारो हेक्टर कंपनीच्या नावावर होणार कशी? आपल्याकडची पद्धत वेगळी. राज्य सरकार कंपनीला तालुके नेमून देतं. त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यानं आपल्या जमिनीत तेलताड लावायचा, कंपनीनं रोपं आणि सल्ला द्यायचा, घड ठरलेल्या सूत्रानं विकत घ्यायचे. आंध्र प्रदेशानं यासाठी १९९३ मध्ये कायदाच केला. देशातलं नव्वद टक्क्यांहून अधिक पामतेल आंध्र आणि तेलंगणातून येतं. आपल्या सिंधुदुर्गात थोडी लागवड आहे, गोव्यातही आहे आणि वाळपईला गोदरेज अ‍ॅग्रोव्हेटची गिरणी आहे.

म्हणजे इथे शेअर घेणारा माणूस बागेचा भागीदार होत नाही, गिरणीचा होतो. पावसाची, मजुरीची, झाडाच्या म्हातारपणाची जोखीम बरीचशी शेतकऱ्यावर असते, आणि बागेच्या जमिनीचं वाढणारं मोलही त्याचंच. हेक्टरी हिशेब इथे लावला तर तो शेतकऱ्याच्या जमिनीला लावल्यासारखं होईल. गिरणीला विचारायचे प्रश्न निराळे : पट्ट्यात किती हेक्टर लागवड झाली, त्यातली किती फळावर आली, शंभर किलो घडातून किती किलो तेल उतरतं, आणि शेतकरी टिकून आहे का. घडाचा भाव पडला, की शेतकरी दोन-तीन वर्षं कळ काढतो, मग झाड तोडून दुसरं काही लावतो. गिरणीचा कच्चा माल त्याच्या मनःस्थितीवर उभा असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ११,०४० कोटींचं राष्ट्रीय तेलताड अभियान जाहीर केलं ते यासाठीच. २०२५-२६ पर्यंत दहा लाख हेक्टरांचं लक्ष्य होतं. मार्च २०२५ पर्यंत साडेपाच लाखांच्या आसपास मजल गेली होती. त्या अभियानात शेतकऱ्याला परवडणारा घडाचा भाव कसा काढला आहे पाहा : कच्च्या तेलाच्या मागच्या पाच वर्षांच्या सरासरी भावाला घाऊक महागाईची जोड द्यायची आणि त्याचे १४.३ टक्के. सरकारनंही चालू भाव धरलेला नाही. मामूंना हे आवडलं असतं.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे जिला ‘पामची कंपनी’ म्हणून खपवतात, ती बहुधा आणखी दहा धंदे करत असते. गोदरेज अ‍ॅग्रोव्हेट ऑक्टोबर २०१७ मध्ये ४६० रुपयांनी बाजारात आली. तेलताडात ती जुनी आहे, पण तिच्या विक्रीतला सर्वांत मोठा भाग जनावरांच्या खाद्याचा. रुची सोयाकडे पन्नास हजार हेक्टरांहून अधिक लागवड जोडलेली होती, पण मुख्य व्यवहार बाहेरचं तेल आणून शुद्ध करून विकण्याचा. अशा कंपनीला तुटवडा हा कच्च्या मालाचा तुटवडा असतो! बागवाला ज्या बातमीनं हसतो तिनं हिच्या कपाळावर आठी पडू शकते.

रुची सोयाच्या शेअरची कथा तर स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. कर्जात बुडालेली ही कंपनी डिसेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पतंजलीनं ४,३५० कोटींच्या योजनेनं ती डिसेंबर २०१९ मध्ये घेतली. जुन्या भागधारकाच्या १०० शेअरांचा १ शेअर झाला. २७ जानेवारी २०२० ला शेअर पुन्हा बाजारात आला तो १७ रुपयांच्या आत, आणि जूनअखेर १,५०० च्या वर गेला. अवघे पाच महिने. झाडं तीच, गिरण्या त्याच. मात्र सुमारे ९९ टक्के शेअर मालकगटाकडे होते; लोकांत फिरायला जेमतेम एक टक्का. दहा गिऱ्हाईकं आणि एकच पेटी असली की पेटीचा जो भाव ठरतो, त्याला बागेचं मोल म्हणता येत नाही. मार्च २०२२ मध्ये कंपनीनं नवे शेअर ६५० रुपयांनी विकले. त्या विक्रीच्या वेळीही मोबाइलवर निरोप फिरले आणि ‘सेबी’नं अर्ज केलेल्यांना ते मागे घ्यायची मुभा द्यायला लावली. त्याच जूनपासून कंपनी पतंजली फूड्स झाली.

निरोपांवरून आठवलं. माझ्या वयाच्या माणसांना नव्वदीच्या दशकातल्या सागवानाच्या जाहिराती आठवत असतील. हजारभर रुपये द्या, एक झाड तुमच्या नावावर, वीस वर्षांनी लाख घ्या. आमच्या नात्यातल्या एका आपानं, शिवणकाम करून साठवलेल्या पैशातून, अशी झाडं घेतली होती. प्रमाणपत्रावर झाडाचं सुंदर चित्र होतं. झाड कुठल्या गावी आहे हे तिला कधी कळलं नाही, आणि पुढे कंपनीचं कार्यालयही सापडेना. अशा कंपन्या देशभर बुडाल्यावर ‘सेबी’नं १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले. शेअरचं तसं नसतं. नोंदलेल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी हिशेब द्यावा लागतो, आणि धंदे अनेक असतील तर विभागवार द्यावा लागतो. कोणत्या विभागातून किती विक्री, किती नफा, हे एका पानाच्या तक्त्यात असतं. आपाला तिच्या झाडाचा जो पत्ता मिळाला नाही, तो इथे छापून मिळतो. उघडून वाचावा लागतो एवढंच.

आम्ही तो तक्ता उघडला. शेजाऱ्यांना सुचवलेल्या कंपनीचं नाव मी घेत नाही, पण तिच्या नफ्यात पामचा हिस्सा निरोपात सांगितल्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. त्यांनी मुलीच्या घराच्या पैशाला हात लावला नाही. त्या सप्टेंबरात भाव खाली आल्यावर, बातम्या थांबल्यावर, त्यांनी पाच वर्षांचे अहवाल काढून एका वहीत आकडे उतरवले आणि दोन कंपन्यांचे थोडे-थोडे शेअर घेतले. एसटीच्या वेळापत्रकासारखे रकाने पाडलेत त्यांनी : लागवड, फळावरची लागवड, तेलाचा उतारा, कर्ज. शेवटचा रकाना आयातशुल्काचा आहे.

तो रकाना त्यांनी स्वतःच वाढवला आणि तो बरोबर आहे. आपल्या गिरणीच्या तेलाचा भाव ठरतो तो बंदरात उतरणाऱ्या तेलाच्या भावावर, आणि त्यात दिल्लीतून ठरलेलं शुल्क मिळवलेलं असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पामतेलावरचं एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. गिरण्यांना आणि तेलताडाच्या शेतकऱ्याला बरे दिवस आले, डबा महागला. मे २०२५ च्या अखेरीला तेच शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणलं. त्या आठवड्यात मलेशियातल्या बागांत नेहमीसारखीच तोडणी चालू होती, आणि आमच्या वाण्यानं मला विचारलं, “साहेब, डबा आज नेताय की थांबताय?”